‘रॉक मशीन’चा उदय आणि रंगभवनचे मौन

१९८४ हे वर्ष मुंबईच्या इतिहासात सुखाचे म्हणून नोंदले गेलेले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने गिरणगावातल्या चुली थंड केल्या होत्या. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांत उद्याची विवंचना मुक्कामाला आली होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात भिवंडी-मुंबईत दंगली उसळल्या आणि ऑक्टोबरअखेर पंतप्रधानांच्या हत्येने सारा देश हादरला. अशा वर्षी या शहरातील पाच तरुणांनी एकत्र येऊन रॉक संगीताचा एक बँड काढला, ही वार्ता कोणी गांभीर्याने घ्यावी अशी नव्हती. मराठी माणसाला ‘बँड’ म्हटले की लग्नाची वरात आठवते. फार तर शाळेतल्या कवायतीचे ढोल आठवतात. केस वाढवलेली, गळ्यात गिटार अडकवलेली मुले हा आपल्याकडे विनोदाचा, नाही तर पालकांच्या काळजीचा विषय होता. तरीही आज चार दशकांनंतर त्या घटनेकडे वळून पाहिले, तर तिच्यात या शहराविषयी आणि आपल्या शिक्षणाविषयीही बरेच काही शिकण्यासारखे आहे असे आढळते.

त्या बँडचे नाव ‘रॉक मशीन’. महेश टिनईकर, मार्क सेल्विन, इयन सांतामारिया, आफताब करीम आणि मार्क मेनेझिस ही त्यातली पहिली मंडळी. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आले. जयेश गांधी आणि झुबिन बालापोरिया येऊन मिळाले. ही नावे नुसती एका ओळीत वाचली तरी मुंबई नावाचे शहर कशाने बनले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. राष्ट्रीय एकात्मतेवर निबंधस्पर्धा घेऊन जे साधत नाही, ते कधी कधी एका तालमीच्या खोलीत कोणताही गाजावाजा न होता साधून जाते. तेथे धर्म-जात विचारायला कोणाला सवड नसते. ताल चुकला तर मात्र कोणाचीही गय होत नाही.

या मुलांपूर्वी मुंबईत रॉक संगीत नव्हते असे नाही. १९७० आणि १९७१ साली ‘सिमला बीट’ या नावाने झालेल्या स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. हॉटेलांतून आणि महाविद्यालयांतून बँड वाजत होते. परंतु त्यांतील बहुतेकांचा सारा मान, सारी मिळकत अवलंबून होती ती परदेशात गाजलेली गाणी हुबेहूब वाजवून दाखवण्यावर. नक्कल जितकी सही, तितकी टाळी मोठी, असा तो हिशेब होता. ‘रॉक मशीन’नेही आरंभ तसाच केला. पण लवकरच त्यांनी आपली स्वतःची गाणी वाजवण्यास सुरुवात केली, आणि त्यांच्या उदयाचे खरे मर्म येथे आहे. ऐकायला आलेल्यांना ओळखीचे गाणे हवे असते. अनोळखी गाणे सुरू झाले की चुळबूळ होते. अशा श्रोत्यांसमोर आपली कच्ची रचना घेऊन उभे राहायला धैर्य लागते. १९८८ मध्ये त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा संच निघाला. १९९० मध्ये दुसरा आला. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे घेतले, आणि त्याच वर्षी त्यांच्या ‘प्रेटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या वार्षिक सोहळ्यात आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. चांगली गिटार मिळवायची तर कडक आयात-निर्बंध आणि जबर जकात यांच्याशी सामना करावा लागे, अशा काळात हा प्रवास सुरू झाला होता हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

‘हे सारे उसने आहे, आपले नव्हे,’ असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. हा आक्षेप घेणारांना हार्मोनियमची कथा आठवण करून द्यावीशी वाटते. ज्या पेटीवाचून आज आपले कीर्तन होत नाही, भजन होत नाही, शाळेतली प्रार्थनाही होत नाही, ती पेटी मूळची युरोपातली. तिला परकी आणि भारतीय स्वरांना प्रतिकूल ठरवून आकाशवाणीने १९४० साली आपल्या केंद्रांतून हद्दपार केले. ती बंदी उठायला १९७१ साल उजाडावे लागले. मधल्या तीस वर्षांत पेटी कोठे गेली? ती घराघरांत, देवळांत, नाट्यगृहांत वाजतच राहिली. मराठी संगीत रंगभूमीने ऑर्गनला आपल्या वैभवाचे लेणे मानले, आणि दाक्षिणात्य संगीताने व्हायोलिन असे आपलेसे केले की त्याचे परकेपण कोणाच्या लक्षातही राहिले नाही. ज्या हिंदी चित्रपटगीतांवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यांच्या वाद्यमेळाची रचना करण्यात गोव्याहून आलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादकांचा वाटा केवढा मोठा होता! वाद्याला जन्मगाव असते, पण नागरिकत्व त्याला वाजवणाराकडून मिळते. गिटार आपली आहे की परकी, हा प्रश्न वादाने सुटणारा नाही; तिच्यातून आपले काही निघते की नाही, यावरच तो सुटेल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. ही मुले इंग्रजीत गात होती. मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसाच्या सुखदुःखाशी त्या गाण्यांचा संबंध कितीसा पोचणार? कलकत्त्यात गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांनी ‘मोहिनेर घोडागुली’ हा बँड सत्तरीच्या दशकात काढला तो बंगालीत गाणारा. त्या काळात त्याला फारसे कोणी विचारले नाही, १९८१ च्या सुमारास तो विखुरलाही. पण नव्वदीच्या दशकात बंगाली तरुणांनी त्याला पुन्हा शोधून काढले आणि बंगाली बँडसंगीताचा तो मूळपुरुष ठरला. मग मराठीत असे का घडू नये? घडण्याची चिन्हे नव्हती असेही नाही. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेश्तच्या नाटकावरून लिहिलेले ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ साली रंगभूमीवर आले, तेव्हा नंदू भेंडे यांनी त्यात रॉकच्या ढंगाने गायलेल्या गाण्यांनी मराठी प्रेक्षक दचकला आणि मग रमलाही. आत्माराम भेंडे यांच्यासारख्या रंगकर्मीच्या घरात वाढलेला हा कलावंत आधी इंग्रजी रॉक गात होता, हे विशेष. म्हणजे भाषा आड येत नव्हती. मग काय आड येत होते?

याचे उत्तर संगीतशास्त्रात नसून जागेच्या हिशेबात आहे, असे आमचे मत आहे. कविता लिहायला एक वही पुरते. तबला-पेटीचा रियाज चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही, शेजाऱ्यांची मर्जी सांभाळून, करता येतो. पण ड्रमचा संच मांडायला निम्मी खोली लागते, आणि तो वाजू लागला की चार बिऱ्हाडे झोपेतून उठतात. त्यात विजेवर चालणारी गिटार, तिचा ध्वनिवर्धक, गायकाचा मायक्रोफोन आणि पाच जणांना उभे राहण्यापुरती जागा यांची भर घाला. हे ज्याच्या घरी शक्य होते, किंवा ज्याच्या महाविद्यालयाने सभागृह उघडून दिले, त्यानेच बँड काढला. ज्यांच्याकडे मोठी घरे होती आणि ज्यांच्या महाविद्यालयांत असे महोत्सव होत, त्यांच्या बोलण्याची भाषा बव्हंशी इंग्रजी होती. म्हणून गाणेही इंग्रजी झाले. त्यात त्या मुलांचा अपराध काहीच नव्हता. लालबागच्या, डोंबिवलीच्या, पिंपरीच्या मुलाच्या कानात तीच लय घुमत असेल. पण ती हातात उतरवायला त्याला भिंती मिळाल्या नाहीत. मराठी तरुणाने मराठीत रॉक का गायले नाही, असे विचारण्यापूर्वी आपण त्याला कोणती खोली दिली होती, हे विचारणे न्यायाचे होईल.

खोली मिळाली म्हणजे काय घडते, याचा अनुभव महाराष्ट्राइतका दुसऱ्या कोणाला असेल? दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने जे प्रयोग सुरू केले, त्यांनी मराठी रंगभूमीचा नकाशा बदलला. अरविंद आणि सुलभा देशपांडे, विजय तेंडुलकर, सत्यदेव दुबे ही नावे त्या वास्तूशी कायमची जोडली गेली. काय होते त्या सभागृहात? मखमली पडदे नव्हते, वातानुकूलन नव्हते; बाहेर दादरच्या बाजाराचा गलबला होता. दिवसा शाळा भरे आणि संध्याकाळी बाके बाजूला सरली की तेथे नाटक उभे राही. पण जागा परवडणारी होती, आणि प्रयोग फसला तरी पुढच्या वेळी दार बंद होत नसे. पुण्यात ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ने १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेची कथाही निराळी नाही. महाविद्यालयीन मुलांना एक रंगमंच, एक तारीख आणि एक परीक्षक मिळाला, एवढ्यावर मराठी नाटक-चित्रपटाला नट, लेखक, दिग्दर्शक यांचा अखंड पुरवठा झाला. एकांकिकेसाठी आपण जे केले, ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांसाठी करण्याचे आपल्याला सुचले नाही, इतकेच.

परदेशचा दाखलाही येथे अप्रस्तुत ठरणार नाही. ज्या ‘बीटल्स’नी पुढे साऱ्या जगाला वेड लावले, ते लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवरील एका गोदामाच्या तळघरात घडले. ‘कॅव्हर्न’ नावाच्या त्या कोंदट, दमट जागेत १९६१ ते १९६३ या काळात त्यांनी तीनशेच्या घरात कार्यक्रम केले. १९६२ च्या आरंभी डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांना नापास केले, तेव्हा परतून जाण्यासाठी त्यांना ते तळघर होते. १९७३ साली त्याच लिव्हरपूलने भुयारी रेल्वेच्या कामासाठी हे तळघर बुजवून टाकले. मग शहराला उपरती झाली आणि जुन्या विटा वेचून ते पुन्हा उभारण्यात आले. ते वर्ष १९८४. आपल्या ‘रॉक मशीन’च्या जन्माचेच. लिव्हरपूलने आपली चूक अकरा वर्षांत ओळखली. मुंबईचे काय?

मुंबईत या संगीताची पंढरी म्हणजे धोबी तलावाजवळचे रंगभवन. झेवियर महाविद्यालयाच्या शेजारचे हे खुले नाट्यगृह. १९७८ साली सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात जगभरचे वादक येथे येऊन वाजवून गेले. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणाऱ्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या मेळाव्याने रंगभवनला तरुणांच्या मनात जे स्थान मिळवून दिले, ते इतर कोणत्याही वास्तूला लाभले नाही. नवख्या बँडला एकदा रंगभवनवर वाजवायला मिळणे म्हणजे पदवी मिळण्यासारखे होते. या शतकाच्या आरंभी हे सारे थांबले. रंगभवनच्या सभोवती रुग्णालये आहेत, महाविद्यालय आहे. ध्वनिप्रदूषणाविषयी २००० साली जे नियम झाले, त्यांत रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानण्यात आला. मेळाव्याला उपनगरात स्थलांतर करावे लागले, आणि रंगभवनचे नाव नव्या पिढीला कळले ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, त्याच्या शेजारच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना वीरमरण आले तेव्हा. ज्या जागेचे नाव गाण्याशी जोडलेले होते, ते गोळीबाराच्या आवाजाने पुन्हा लोकांच्या ओठी यावे, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. शांतता क्षेत्राच्या नियमाविरुद्ध आमची तक्रार नाही. या नियमांनुसार अशा क्षेत्रात दिवसा पन्नास आणि रात्री चाळीस डेसिबेलची मर्यादा आहे. रॉकचा कार्यक्रम सहज शंभरावर जातो. डेसिबेलच्या मापनपद्धतीत पन्नास आणि शंभर यांतला फरक दुपटीचा नसून ध्वनीच्या तीव्रतेत तो एक लाख पटींचा असतो, हे विज्ञानाचे शिक्षक सांगतीलच. शस्त्रक्रियेनंतर वेदनांनी तळमळणाऱ्या रुग्णाची झोप ही कोणत्याही गाण्यापेक्षा मोलाची आहे. ज्या कलेला शेजारच्या खाटेवरचा माणूस दिसत नाही, ती कला कितीही बंडखोर असली तरी माणुसकीला पारखी होते.

परंतु न्याय एवढ्यावर पुरा होत नाही. एक जागा काढून घेताना दुसरी द्यावी लागते, हा विस्थापितांच्या बाबतीत आपण निदान तोंडाने तरी मानलेला सिद्धांत आहे. तो धरणग्रस्तांना लागू असेल, गिरणी कामगारांना लागू असेल, तर तरुणांच्या संस्कृतीला तो का लागू नसावा? शिवाय या नियमाचा बडगा कोणावर पडतो, तेही पाहण्यासारखे आहे. सणावाराच्या निमित्ताने वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत ध्वनिवर्धकांना मुभा देण्याची तरतूद नियमांतच आहे. त्या दिवसांत आणि त्या दिवसांबाहेरही मिरवणुकींपुढे ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांची तावदाने थरथरतात, आणि वृद्ध माणसे कानांत बोळे घालून बसतात. तेथे कायद्याला ऐकू कमी येते. तिकीट छापून, परवाना काढून, वेळेत कार्यक्रम संपवणाऱ्या पाच मुलांच्या बाबतीत मात्र त्याचे कान तीक्ष्ण होतात. ज्यांच्यामागे मतपेटी नाही, त्यांच्यावर नियम चालवणे सोपे असते, हेच यातून दिसते.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचाही नाही. आपल्याकडे महानगरपालिकांच्या, जिल्हा परिषदांच्या आणि खासगी संस्थांच्या असंख्य शाळा आहेत. त्यांतील बऱ्याच शाळांची सभागृहे संध्याकाळनंतर कुलूपबंद असतात. प्रत्येक प्रभागात नाही, तरी प्रत्येक शहरात निदान दोन-तीन शाळांतून एखादी खोली आवाज बाहेर न जाईल अशी बंदिस्त करून घ्यावी. त्यात एक ड्रमचा संच, दोन ध्वनिवर्धक आणि एक मायक्रोफोन कायमचा ठेवावा. तासाला नाममात्र भाडे घ्यावे, रात्री नऊला दार लावावे, भिंतीबाहेरचा आवाज मोजणारे यंत्र ठेवावे आणि मर्यादा ओलांडणाराला महिनाभर प्रवेश बंद करावा. अट एकच असावी : मुलांनी काय गायचे, कोणत्या भाषेत गायचे, केस किती वाढवायचे, यात कोणी लक्ष घालू नये. वर्षातून एकदा पुरुषोत्तम करंडकाच्या धर्तीवर स्पर्धा घ्यावी आणि तिचा नियम असा करावा की गाणे स्वतः रचलेलेच हवे. बाकीचे मुले करतील.

‘ज्या शहरात माणसाला राहायला जागा नाही, तेथे ढोल बडवायला जागा मागता?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ज्याला घरात जागा नाही, त्यालाच सार्वजनिक जागेची गरज अधिक असते. म्हणून तर आपण वाचनालये काढली, तालमी काढल्या, चाळीच्या जिन्याखाली अभ्यासिका चालवल्या. श्रीमंताच्या मुलाला बंगल्याचे तळघर आहे. कारकुनाच्या मुलाला शाळेची खोली नको का?

शिक्षकांनाही या बाबतीत काही सांगावेसे वाटते. वर्गात मागच्या बाकावर बसून बाकावरच ठेका धरणारा मुलगा आपण बाहेर काढतो, आणि शिस्तीच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण शाळा सुटल्यावर त्याच मुलाला ठेका धरायला जागा देणे हेही शिक्षकाचेच काम आहे. चार जणांनी मिळून एक गाणे बसवायचे म्हणजे वेळ पाळावी लागते, दुसऱ्याचे ऐकावे लागते, आपला आवाज कोठे थांबवायचा हे कळावे लागते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याहून निराळे काय असते?

‘इंडस क्रीड’ १९९७ मध्ये विखुरला. २०१० मध्ये त्यातील काही मंडळी पुन्हा एकत्र आली आणि २०१२ मध्ये त्यांनी नवा संच काढला. म्हणजे ज्या गोष्टीला आपण पोरवयातले खूळ समजलो, ती त्यांनी अंगावर पांढरे केस मिरवण्याच्या वयापर्यंत सोडली नाही. हे ज्यांना साधले, ते गुणी होते आणि काही अंशी सुदैवीही होते. त्यांना वेळेवर जागा मिळाली, रंगभवन मिळाले. आज गिटार पूर्वीइतकी दुर्मीळ नाही. आपले गाणे ध्वनिमुद्रित करून जगापुढे ठेवायला हातातला मोबाइल पुरतो. पण पाच माणसांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहून वाजवायला अजूनही चार भिंतीच लागतात, आणि नेमक्या त्याच महाग झाल्या आहेत.

मराठीतला तो न जन्मलेला बँड कदाचित आज कोठल्या तरी शाळेच्या फाटकापाशी उभा असेल. फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली आपल्याकडे आहे. ती फिरवायची की नाही, एवढाच प्रश्न आहे.